बोटांची शाळा

पोट दुखते म्हणून गेलो की डॉक्टर आपल्याला आडवे करतात, गुडघे वर घ्यायला लावतात आणि बोटांनी पोट दाबत विचारतात, ‘इथे दुखतं? आणि इथे?’ आपण उत्तरे देत असतो, तेव्हा त्यांची बोटे यकृताची कड किंवा वाढलेली प्लीहा शोधत असतात.

ही विद्या शिकवायची कशी, हा वैद्यकातला जुना पेच आहे. शस्त्रक्रिया पाहता तरी येते. स्पर्श पाहता येत नाही. ‘लागली का प्लीहा?’ असे सरांनी विचारले, की विद्यार्थी ‘हो सर’ म्हणतो. त्यात खरे किती आणि भिडेपोटी किती, हे देव जाणे! शिवाय एकाच रुग्णाच्या पोटावर दहा-बारा नवशिके हात फिरतात, त्याचे त्या बिचाऱ्याला काय वाटत असेल?

गाईच्या बाबतीत तर हा पेच आणखी बिकट. गाय गाभण आहे का हे पाहायला पशुवैद्य खांद्यापर्यंत हातमोजा चढवतो, गुदमार्गातून हात घालतो आणि आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपतो. विद्यार्थ्याचा हात आत, शिक्षक बाहेर, आणि दिसत कुणालाच काही नाही. सारा बेली या ब्रिटनमधील पशुवैद्य बाईंनी यावर तोड काढली. त्या संगणकशास्त्राकडे वळल्या आणि ग्लासगो विद्यापीठात संशोधन करताना त्यांनी ‘हॅप्टिक काऊ’ घडवली. हॅप्टिक म्हणजे स्पर्शाशी संबंधित. ही गाय अर्धीच, फायबरग्लासची, फक्त मागची बाजू! तिच्या पोटात बसवले आहे ‘फँटम’ नावाचे यंत्र, जे मुळात अमेरिकेतल्या एमआयटीत १९९० नंतरच्या काळात जन्मले.

विद्यार्थी शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपणात बोट घालतो. बोट कुठे पोहोचले हे संगणक ओळखतो, तिथे गर्भाशय असते तर बोटाला किती अडले असते याचा हिशेब करतो आणि यंत्राच्या मोटारी बोटाला तेवढेच अडवतात. आत असते नुसती हवा, पण बोटाला गर्भाशय लागते. गंमत म्हणजे डोळ्याला फसवायला सिनेमाची सेकंदाला २४ चित्रे पुरतात; बोट इतके चाणाक्ष, की हा हिशेब सेकंदाला सुमारे १००० वेळा करावा लागतो. तो मंदावला की टणक वस्तू थरथरू लागते.

पण खरा लाभ पडद्यावर आहे. बोट कुठे फिरते आहे हे शिक्षकाला तिथे दिसते, त्यामुळे ‘जरा डावीकडे, आणखी खाली’ असे सांगता येते. या यंत्रावर शिकलेले विद्यार्थी प्रत्यक्ष गाईचे गर्भाशय शोधण्यात इतरांहून बरेच सरस ठरले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

माणसांच्या डॉक्टरांनाही ही शाळा हवीच. अमेरिकेतल्या शल्यविशारद डॉ. कार्ला प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या प्रतिकृतीत दाब मोजणारे संवेदक बसवून पाचशेहून अधिक डॉक्टरांचे हात तपासले. हे विद्यार्थी नव्हते, चांगले व्यवसाय करणारे डॉक्टर होते. जे फार हलक्या हाताने तपासत, त्यांच्याकडून छातीच्या भिंतीलगतची गाठ हटकून निसटे. ते निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ‘हात किती हलका!’ म्हणून आपण ज्यांची तारीफ करतो, त्यांच्याविषयी जरा थांबून विचार करायला लावणारी ही गोष्ट.

अर्थात यंत्राचा स्पर्श अजून तोकडाच. बेलीबाईंच्या गाईत एका बोटाला कळते, खऱ्या गाईत सारा पंजा शोधत असतो. शिवाय खरी गाय शेपटी मारते, आतडे हाताभोवती आवळते आणि शेणही टाकते.