फेरेटच्या शेपटीखालचे गळू

दिसायला मुंगसासारखा लांबोडका असला, तरी फेरेट मुंगसाच्या कुळातला नाही. तो आपल्याकडच्या पाणमांजराच्या भाऊबंदांपैकी. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने त्याला सुमारे 2000 वर्षांपूर्वीच माणसाळवले, तेही सशांच्या बिळात सोडण्यासाठी. आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो सोफ्याखाली मोजे लपवत फिरतो. पण रानातले शस्त्र अजून त्याच्याजवळ आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठचे आकडे असतात त्या जागी, त्याला दोन लहान पिशव्या असतात. फेरेट घाबरला की त्यांतला गंधकयुक्त द्रव बाहेर येतो आणि खोलीत थांबवत नाही. सुदैवाने हा वास स्कंकच्या फवाऱ्यासारखा चिवट नसतो, थोड्या वेळात विरतो.

कधी हा द्रव घट्ट होतो, बारीक नळीचे तोंड चोंदते, आत जंतू वाढतात आणि पिशवीचे गळू होते.

ते ओळखताना पहिली गल्लत बूड घासण्यावरून होते. कुत्रा बूड घासू लागला की आपण या पिशव्यांवर, म्हणजे गुदग्रंथींवर, संशय घेतो. फेरेट मात्र शौचानंतर दोन पावले बूड घासतोच, ती त्याची रोजची सवय. लक्ष द्यायचे ते वेगळ्या गोष्टींकडे: शौच झालेले नसताना घासणे, शेपटीखाली सतत चाटणे, विष्ठा करताना ओरडणे किंवा अर्धवट उठून जाणे. शेपूट उचलून केस बाजूला सारले, तर बहुधा एकाच बाजूला फुगवटा दिसतो. त्यावरची कातडी लालसर-जांभळी, ताणून चकचकीत झालेली, हाताला गरम लागणारी. गळू पिकले की कातडी पातळ होऊन फुटते आणि रक्तमिश्रित पू येतो. मग ठणका थांबतो, फेरेट पुन्हा उड्या मारू लागतो आणि घरचे निश्चिंत होतात. फसगत इथेच होते. जखम वरून मिटते आणि आत पुन्हा पू धरतो.

शेपटीखालची प्रत्येक सूज गुदग्रंथीचीच असते असेही नाही. नसबंदी झालेल्या मादीची योनी सुजली आणि शेपटीचे केस गळू लागले, तर अधिवृक्क ग्रंथीचा आजार असू शकतो. त्याच आजारात नराची प्रोस्टेट वाढून लघवी अडते. नर कुंथतोय, पण लघवीचा थेंबही येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. म्हाताऱ्या फेरेटमध्ये टणक गाठ लागली, तर कर्करोगाची शक्यताही तपासावी लागते.

उपचार तसा सरळ आहे, पण तो घरी करायचा नाही. सुजलेली पिशवी दाबली तर ती आतल्या आत फुटून पू आजूबाजूला पसरतो. पशुवैद्य भूल देऊन चोंदलेली पिशवी रिकामी करतात आणि सलाइनने धुतात. गळू असेल तर चीर देऊन पू काढतात आणि जखम आतून भरत यावी म्हणून ती बहुधा उघडीच ठेवतात. पुवाची तपासणी करून प्रतिजैविक ठरवले जाते, सोबत वेदनाशामक असते. घरी उरते ते कोमट पाण्याचा शेक, स्वच्छ अंथरूण आणि औषधाचे दिवस पूर्ण करणे. माणसांची आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल त्याला अजिबात देऊ नये. कुत्र्यांसाठी सांगतात तसा भोपळा किंवा कोंडाही नको. फेरेट शुद्ध मांसाहारी, आतडे आखूड, अंधांत्र नाहीच. तंतुमय अन्न त्याला पचत नाही.

दुखणे पुन्हा पुन्हा उलटले, तर संसर्ग निवल्यावर पिशव्या काढून टाकतात. हे रास्त आहे. अमेरिकेत मात्र दुकानात येणाऱ्या बहुतेक पिल्लांच्या पिशव्या अवघ्या काही आठवड्यांच्या वयात, नसबंदीबरोबरच, निव्वळ वासासाठी काढलेल्या असतात. गंमत अशी, की फेरेटचा रोजचा उग्र दर्प मुख्यतः कातडीतल्या तैलग्रंथींचा असतो आणि तो नसबंदीनेच बराच कमी होतो. ब्रिटनमध्ये वैद्यकीय कारणाशिवाय ही शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि मला तेच शहाणपणाचे वाटते. शिवाय पिशवीचा तुकडा आत राहिला, तर तिथेही पुढे गळू होऊ शकते. त्यामुळे ‘आमच्याच्या ग्रंथी काढल्यात’ म्हणून सुजेकडे काणाडोळा करू नये.

भुलेपूर्वी किती तास उपाशी ठेवायचे, हे पशुवैद्याला आवर्जून विचारा. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे सरकते, आणि मध्यमवयीन फेरेटमध्ये साखर घसरवणारी स्वादुपिंडाची गाठ वारंवार आढळते. कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.