बल कोणाचे, कोणावर?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बलाच्या प्रकारांवर लेख लिहावा, याचे आमच्या गुरुजनांना नवल वाटेल आणि मित्रांना बहुधा हसू येईल. परंतु गेली दोन वर्षे मी आमच्या आळीतल्या सहावी-सातवीच्या आठ-दहा मुलांची शिकवणी घेत आहे, आणि शिकवणीवाल्याला शाखा नसते. मुले जे पुस्तक पुढे करतील ते शिकवावे लागते. सामान्य विज्ञानात बल आणि त्याचे प्रकार हा पाठ आहे. स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल, स्थितिक विद्युत बल, ही यादी मुले पाढ्यासारखी घडाघडा म्हणून दाखवतात. यादी अचूक असते. पण ओटीवरच्या पाट्याकडे बोट दाखवून "याच्यावर कोणते बल आहे?" असे विचारले की सारी मंडळी गप्प. मग एखादा धीट गडी म्हणतो, "काहीच नाही. तो नुसता पडलाय."

हा घोटाळा कुठून येतो याचा विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्याचे मूळ आपल्या भाषेत आहे. बल, जोर, ताकद, शक्ती हे शब्द आपण व्यवहारात जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो आणि ते नेहमी कोणाच्या तरी अंगात वसत असतात. बैलाच्या अंगात ताकद असते, वाऱ्याला जोर असतो, पैलवानाच्या दंडात बळ असते. गाठीला बांधलेल्या पैशासारखे ते ज्याचे त्याच्यापाशी. मग बिचाऱ्या पाट्यापाशी कुठून यावे? पदार्थविज्ञानातले बल असे कोणाच्या मालकीचे नसते. ते दोन वस्तूंच्या दरम्यान घडते. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते सकर्मक क्रियापद आहे. 'ओढतो' एवढ्याने वाक्य पुरे होत नाही; कोण ओढतो आणि कोणाला ओढतो, हे दोन्ही सांगावे लागते.

तेव्हापासून आमच्या शिकवणीत एक नियम आहे. बलाचा प्रकार सांगण्याआधी कर्ता आणि कर्म सांगायचे. पृथ्वी पाट्याला खाली ओढते, जमीन पाट्याला वर रेटते. दोन्ही सारखी म्हणून पाटा जागचा हलत नाही. "पण जमीन कशी रेटेल? तिला हात कुठे आहेत?" हा प्रश्न आलाच. दोन विटांवर एक पातळ फळी टाकून तीवर पाटा ठेवला. फळी वाकली. पाटा उचलताच ती पुन्हा सरळ झाली. वाकलेली फळी सरळ होऊ पाहते आणि त्या धडपडीत पाट्याला वर रेटते. जमीनही अशीच दबते, फक्त डोळ्यांना दिसेल इतकी नाही.

खरी शाळा भरली ती कुलाबा किल्ल्यावर. तिथे जायचे तर आधी ओहोटीची वेळ काढावी लागते, आणि या बाबतीत कोळीवाड्यातली मुले माझे गुरू आहेत. शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास आणि वर बारा मिनिटे मिळवली की ओहोटी. आम्ही तृतीया गाठली आणि सकाळी साडेआठच्या आत वाळूत उतरलो. हा आडाखा निव्वळ गंमत नव्हे. पाणी चढल्यावर किल्ल्यात अडकून पडलेले पाहुणे अलिबागकरांना नवे नाहीत, आणि चढत्या पाण्यात परत येण्याचे धाडस जिवावर बेतू शकते. ज्या पोराला हा हिशेब येतो, त्याला 'विज्ञानात कच्चा' असा शेरा मिळावा, हे मला कधी पटलेले नाही.

किल्ल्याकडे घोडागाड्या जातात. घोडा गाडीला ओढतो हे सर्वांना दिसते. पण घोड्याला पुढे कोण ढकलते? तो खुराने वाळूला मागे रेटतो आणि वाळू त्याला पुढे रेटते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. मुलांना तो व्याकरणातून चटकन समजला. 'मी आंबा खाल्ला' या वाक्यातले कर्ता-कर्म उलटवले तर वाक्य खोटे होते. बलाचे वाक्य उलटवले तरी ते खरेच राहते, आणि बल तेवढेच राहते. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोड्याची दमछाक होते, चाक रुतते. म्हणून गाडीवाले दमट, घट्ट वाळूची वाट धरतात. घर्षण म्हणजे कामात मोडता घालणारा शत्रू, असा मुलांचा समज असतो. पण घर्षण नसते तर घोड्याचे खूर जागच्या जागी घसरले असते.

किल्ल्याचा तट तर या पाठासाठीच बांधला असावा! मोठमोठे काळे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत; फटींत चुना भरलेला नाही. वरच्या चिऱ्याचे वजन खालच्यावर, आणि त्या दाबामुळे दोन्हींच्या अंगात घर्षण. तेवढ्यावर तट उभा आहे. लाट आपटते तेव्हा पाणी फटींत शिरते, पांगते, ओघळून मागे येते. तडाख्याचा जोर तिथेच मोडतो. सलग गुळगुळीत भिंतीवर तोच तडाखा एकदम बसला असता. शिवाजी महाराजांनी १६८० साली हे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. न्यूटनचा बलाचे नियम सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला १६८७ साली. लाटेशी कसे वागावे हे आमच्या गवंड्यांना त्याआधीच कळले होते. त्यांनी ते लिहून ठेवले नाही, एवढीच काय ती उणीव.

किल्ल्यावरच्या तोफेला मुलांनी खिशातला लोहचुंबक चिकटवून पाहिला, आणि तिथून चुंबकीय बलाकडे वळणे सोपे झाले. स्पर्श न करता ओढणारे बल मुलांना जादूसारखे वाटते. त्यासाठी आपल्या गावात जगभर ठाऊक असलेली जागा आहे, ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वी स्वतः एक दुबळा चुंबक आहे. तिचे बल दिवसागणिक, कधी मिनिटागणिक किंचित बदलते, आणि त्याची नोंद मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून होत होती. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या खळबळीमुळे जे प्रचंड चुंबकी वादळ झाले, त्याची नोंद तिथे आहे आणि शास्त्रज्ञ ती अजून अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय बल निर्माण होते; ट्रॅम धावू लागल्यावर नाजूक सुया पृथ्वीची हालचाल सांगणार की ट्रॅमची? तेव्हा कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी १९०४ साली हे काम अलिबागला आणले. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा जुळावा. १९०७ साली मुंबईत विजेची ट्रॅम धावली. एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला गेलेली ही नोंद अजून चालू आहे. (आपला जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच होता.) इथली इमारत बांधताना जवळचा काळा दगड टाळून पोरबंदरी दगड वापरला, कारण आपल्या काळ्या दगडात लोहाचा चुंबकी अंश असतो. ज्या दगडाने लाट थोपवली तो सुईपाशी नको झाला.

स्थितिक विद्युत बलाचे मात्र अलिबागेत हाल होतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, असे पुस्तक सांगते. आषाढात हा प्रयोग करू पाहणाऱ्या मास्तराची फजिती ठरलेली, कारण हवेतल्या दमटपणामुळे कंगव्यावरचा भार टिकत नाही. पौषातल्या कोरड्या सकाळी, केसांना तेल नसलेले पोर गाठून करावा.

पुस्तकातले हे प्रकार व्यवहाराच्या सोयीचे आहेत, हेही मुलांना सांगून टाकलेले बरे. शास्त्रज्ञ मूलभूत बले चारच मानतात. त्यांपैकी दोन अणूच्या गाभ्यात कोंडलेली. उरली गुरुत्वीय आणि विद्युतचुंबकीय. स्नायूंचे आकुंचन, घर्षण, फळीचे रेटणे, ही सारी मुळाशी अणूअणूंमधल्या विद्युत बलाचीच रूपे आहेत.

आणि भरती? ती कोणाची, कोणावर? "चंद्र पाण्याला ओढतो" एवढे उत्तर मुलांना येते. मग चंद्र एकदाच डोक्यावर येत असता भरती दिवसातून दोनदा का? शिवाय सूर्य पृथ्वीला चंद्राहून पावणेदोनशे पट अधिक बलाने ओढतो. तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी का? कारण भरतीला ओढीतला फरक कारणीभूत असतो. चंद्राच्या बाजूचे पाणी अधिक ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे कमी. त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंना फुगते. सूर्य इतका दूर आहे की अलीकडे-पलीकडे त्याच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एकत्र येतात, म्हणून त्या सुमारास उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात, म्हणून भांग. पाऊणपटीचे गमकही यातच आहे. दर तिथीला चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकतो. पृथ्वीला तेवढे वळायला ४८ मिनिटे लागतात. आपल्या पूर्वजांनी ती सोयीसाठी ४५ धरली, म्हणून पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा येतो आणि पाणी भरते बाराच्या सुमारास.

इथे एका मुलीने आमचा नियम माझ्यावरच उलटवला. चंद्र पाण्याला ओढतो, तर पाणीही चंद्राला ओढत असले पाहिजे. मग चंद्राचे काही होत कसे नाही? होते. पृथ्वी फिरताना भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे निघून जातो आणि चंद्राला पुढच्या दिशेने किंचित ओढत राहतो. त्यामुळे चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर सरकतो आणि आपला दिवस शतकाला सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून प्रकाश सोडून हे अंतर मोजतात.