फायबर तुटली म्हणजे नेमकं काय तुटतं?

"वरून फायबर कट झालीय, काम चालू आहे." इंटरनेट बंद पडल्यावर केबलवाल्याला फोन केला की हे उत्तर ठरलेलं. बेळगाव असो, फोंडा असो की इंदूर, शब्दही जवळपास तेच. ग्राहकाला वाटतं, तार तुटली तर दोन टोकं पिळून टेप लावायला एवढा वेळ कशाला? जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेला ते चालायचं. फायबरला चालत नाही. का चालत नाही, हे कळलं की फायबर म्हणजे काय हेही निम्मं कळतं.

फायबर ही काचेची तार. बाहेरचं काळं आवरण, आतले दोरे, प्लॅस्टिकच्या नळ्या बाजूला काढल्या तर हाती येते ती केसासारखी काच. तिची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही उजेड धावतो तो मधल्या गाभ्यातून, आणि लांब पल्ल्याच्या केबलमध्ये हा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा असतो. गाभ्याची काच आणि त्याभोवतीची काच यांच्या घडणीत थोडासा फरक ठेवलेला असतो, त्यामुळे उजेड कडेला तिरका लागला की बाहेर न पडता आत परततो. विहिरीत डुबकी मारून पाण्याखालून वर तिरकं बघितलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो ना, तेच हे. शाळेच्या पुस्तकात याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात.

या उजेडाची उघडझाप सेकंदाला अब्जावधी वेळा होते आणि तिच्यातूनच आपला फोटो, व्हिडिओ, फोनवरचा आवाज जातो. काचेत उजेडाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. पाचशे किलोमीटरचं अंतर कापायला त्याला अडीच मिलिसेकंद पुरतात.

आता जोडणीचं बघा. नऊ मायक्रॉनचा गाभा दुसऱ्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर नेमका आला पाहिजे. जरा सरकला की उजेड बाहेर सांडला. म्हणून काम करणारा आधी काच सोलतो, अल्कोहोलने पुसतो, खास कटरने सरळ काटकोनात कापतो आणि मशीनमध्ये ठेवतो. मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणतं आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतं. ही एका तारेची गोष्ट. केबलमध्ये अशा 24, 48 किंवा त्याहूनही जास्त तारा असू शकतात. निळ्याला निळी, केशरीला केशरी, हिरव्याला हिरवी, असा रंगांचा ठरलेला क्रम पाळून एकेक जोडायची. तेही बऱ्याचदा रस्त्याकडेच्या खड्ड्यात, पावसात छत्री धरून.

त्याआधी तुटलं कुठे ते शोधायचं असतं. त्यासाठी ओटीडीआर नावाचं यंत्र एका टोकातून उजेडाचा ठोका सोडतं आणि तो परतायला किती वेळ लागला ते मोजतं. दहा मायक्रोसेकंद लागले तर तुटलेली जागा एक किलोमीटरवर. पण हा किलोमीटर केबलचा, रस्त्याचा नव्हे. जागोजागी चेंबरमध्ये केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात, त्यामुळे यंत्राने सांगितलेली जागा आणि जमिनीवरची जागा यांत फरक पडतो. तिथे जुन्या माणसाचा अनुभवच कामी येतो.

काचेतून निरोप पाठवण्याची कल्पना सुचली त्या काळी ती वेडगळच वाटली असणार. खिडकीची काच कडेने बघा, हिरवट दिसते. तो काचेतल्या लोहाच्या अंशाचा रंग. अशा काचेतून उजेड काही मीटरसुद्धा धड जात नाही. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं, ते 1954 मध्ये. 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही कपानींनीच रुळवलं. पुढे 1966 मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की दोष काचेच्या जातीचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उजेड उरला तरी टेलिफोनचं काम भागेल, असा त्यांचा हिशेब. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने 1970 मध्ये तो आकडा गाठला. आज चांगल्या फायबरमध्ये पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो. काव यांना 2009 चं नोबेल मिळालं. कपानी राहिले, ही रुखरुख अनेक भारतीयांना आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. मरणोत्तर पद्मविभूषण 2021 मध्ये जाहीर झाला.

ही काच आता आपल्या मुलखातही तयार होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आणि हैदराबादेत फायबर ओढली जाते, गोव्यात वेर्ण्याला केबल बनते. अतिशुद्ध काचेचा जाड दांडा उंच मनोऱ्यात टांगून खालचं टोक भट्टीत मऊ करतात आणि पाकाची तार ओढावी तशी तार खाली ओढत नेतात.

घरापर्यंत येताना मात्र एकच फायबर अनेकांत वाटली जाते. खांबावरच्या डबीत स्प्लिटर असतो, तो उजेडाचे 32 किंवा 64 वाटे करतो. म्हणूनच तुमच्या भिंतीवरच्या मशीनपर्यंत पोचलेला उजेड मोजण्याला महत्त्व आहे. तंत्रज्ञ त्याला 'पॉवर' म्हणतात. वजा 20 डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक, वजा 27 च्या खाली गेली तर लाल दिवा लागायला वेळ लागत नाही. कनेक्शन बसवून घेताना हा आकडा विचारा आणि लिहून ठेवा. नंतर तक्रार करताना "स्लो चालतंय" यापेक्षा "पॉवर इतकी होती, आता किती आहे?" हा प्रश्न जास्त काम करतो.

घरातली वायर दाराच्या फटीत चेपू नका, खिळ्याला घट्ट गुंडाळू नका. चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वळण नसलेलं बरं, कारण तीव्र वळणावर उजेड बाहेर गळतो. तुटलेल्या टोकात डोकावून बघू नका. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. काचेचे तुकडे बोटात घुसले तर सापडतही नाहीत. आणि एक फरक ध्यानात ठेवा: जुन्या फोनला तारेतूनच वीज यायची, म्हणून लाईट गेली तरी तो चालायचा. काचेतून वीज येत नाही. घरात म्हातारी माणसं लँडलाईनवर विसंबून असतील तर मशीनला छोटा यूपीएस लावाच.

इंटरनेटपलीकडेही फायबर बरंच काही करते. एंडोस्कोपीत पोटात उजेड नेते, उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरच्या सर्वांत वरच्या तारेत दडून वीज केंद्रांना बोलतं ठेवते, रेल्वेच्या कडेने पळते.

गावांचा प्रश्न वेगळा आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट. यात बऱ्याच ठिकाणी केबल एका रांगेत टाकली गेली, एका गावातून पुढच्या गावात. मध्ये कुठे रस्ता रुंदीकरणाचा नाहीतर नळपाण्याच्या चराचा जेसीबी लागला की पुढची सगळी गावं अंधारात. दाखले अडतात, ऑनलाईन अर्ज अडतात, माणसं तालुक्याला खेटे घालतात. केंद्राने 2023 मध्ये 1.39 लाख कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली, तिच्यात रांगेऐवजी रिंग करायचं ठरलं आहे. एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने उजेड येईल. तुमच्या पंचायतीपर्यंत केबल एकाच बाजूने येते की दोन्ही बाजूंनी, हे ग्रामसभेत विचारता येईल.

खोदाईपुरतं बोलायचं तर केंद्राचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च 2023 पासून आहे. खोदणाऱ्याने जागा आधी नोंदवायची, मग तिथल्या केबलवाल्यांना, पाईपवाल्यांना सूचना जाते. गावात जेसीबी उतरला की ठेकेदाराला आधी एवढंच विचारा, नोंद केली का?