अर्ध्यावरचे पुस्तक

पुस्तकांविषयी बोलण्याच्या आपल्याकडे दोन रीती रुळलेल्या आहेत. एक परीक्षणाची: पुस्तक वाचून झाले, मत बनले, आता ते मांडायचे. दुसरी शिफारशीची: 'हे वाचाच' असे म्हणून पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यायचे. दोन्हींत बोलणाऱ्याचे वाचन आटोपलेले असते आणि ऐकणाऱ्याचे सुरूही झालेले नसते. त्यामुळे बोलणे एका बाजूने होते. दुसऱ्याने मान डोलावायची, एवढेच उरते. तिसरी एक रीत आहे, तिच्याकडे मात्र आपण गप्पा म्हणून पाहतो. 'सध्या काय वाचताय?' असे कोणी विचारले की हातातल्या, अर्ध्यावर आलेल्या, अजून नीट न उमगलेल्या पुस्तकाविषयी आपण जे सांगतो, ती ही रीत. वाचक घडतो आणि टिकतो तो मुख्यतः या तिसऱ्या रीतीमुळे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी पुरावा शोधायला फार लांब जायला नको. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या नगरमध्ये, तो भरपूर सापडतो.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यकारिणीतल्या नेत्यांची रवानगी नगरच्या भुईकोट किल्ल्यात झाली. तिथे एकत्र राहिलेले बारा जण म्हणजे मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि मराठी वाचकांना जवळचे शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्रेसुद्धा मिळत नव्हती. बाहेरचे जग असे तुटल्यावर हाती उरली ती पुस्तके आणि एकमेकांची संगत. नरेंद्र देवांनी बौद्ध तत्त्वज्ञानातला 'अभिधर्मकोश' हाती घेतला आणि त्याच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदी अनुवादाचे काम केले. महताब ओडिशाच्या इतिहासात बुडाले. पट्टाभींनी 'फेदर्स अँड स्टोन्स' लिहिले. आणि एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची सुमारे हजार हस्तलिखित पाने लिहून काढली.

या ग्रंथाची प्रस्तावना वाचनाच्या दृष्टीने पुन्हा उघडून पाहण्यासारखी आहे. आपले अकरा सोबती म्हणजे भारताचा एक छेदच होता, देशातल्या बहुतेक प्रमुख भाषा आणि अभिजात भाषा त्यांच्यात होत्या, असे नेहरू तिथे नोंदवतात. सर्वांचे ऋण मानून आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांची नावे ते वेगळी काढतात. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून आपला विचार स्पष्ट झाला, हे सांगतात. काही सोबत्यांनी हस्तलिखित वाचून सूचना केल्या, हेही नमूद करतात. पुस्तक अर्पण केले आहे तेही किल्ल्यातल्या या सहबंदींनाच. म्हणजे एक जण बौद्ध तत्त्वज्ञानात वाचत होता, दुसरा अरबी-फारसीत, तिसरा ओडिशाच्या इतिहासात, आणि प्रत्येकाच्या वाचनाचा ओघ अधूनमधून दुसऱ्याच्या कामाकडे वळत होता. बारापैकी सगळेच ग्रंथकार नव्हते आणि प्रत्येकाला लिहायचेही नव्हते. पण कोण सध्या कशात गुंतला आहे, हे एवढ्या लहान जागेत कोणापासून लपून राहणे शक्यच नव्हते. नेहरूंना सहकाऱ्यांकडून मिळाले ते पूर्ण झालेल्या ग्रंथाचे सार नव्हते. चालू वाचनातले, अजून ताजे असलेले काहीतरी त्यांच्या लिखाणात उतरले, असे मला वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. वाचन हा एकांताचा व्यवहार आहे; पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये तिसऱ्याने कशाला यावे? या आक्षेपाची बाजू मांडायला किल्ल्यातलेच एक नाव पुरे आहे, ते म्हणजे मौलाना आझादांचे. त्यांना एकांत मनापासून प्रिय होता. पहाटे, सगळे झोपेत असताना उठावे, आपल्या हाताने चिनी चहा करावा आणि त्या शांततेत लिहावे, हा त्यांचा क्रम होता. मग त्या एकांतात ते काय लिहीत होते? पत्रे. हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या विद्याव्यासंगी मित्राला उद्देशून लिहिलेली, पाठवता येणार नाहीत हे पक्के ठाऊक असलेली पत्रे. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचा मानदंड ठरली. चहाच्या चवीपासून खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांपर्यंत आणि तत्त्वज्ञानापासून संगीतापर्यंत विषय फिरतात. पानापानावर आठवणीतले फारसी, अरबी, उर्दू शेर येतात. एवढा एकांतप्रिय वाचकही मनात काय घोळते आहे ते सांगायला एक वाचणारा मित्र समोर कल्पितो. टपाल बंद होते, तरी सांगणे थांबले नाही. एकांत वाचायला लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या एकांतात साठलेले कोणाजवळ तरी मोकळे करावेसे वाटणे हा त्याच वाचनाचा पुढचा भाग आहे.

किल्ल्यातली माणसे असामान्य होती, सामान्य वाचकाला त्यांचे उदाहरण कसे लागू पडेल, असे कोणी म्हणेल. म्हणून याच जिल्ह्यातल्या नेवाशाकडे वळू. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवर भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ज्ञानेश्वरांनी टेकून बसावे असा तो 'पैस' खांब आजही दाखवतात. ज्ञानेश्वरी वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: समोर श्रोते बसले आहेत. त्यांच्याशी बोलणे होते, त्यांच्याकडे अवधान मागितले जाते, निवृत्तिनाथ मध्येच काही म्हणतात आणि विषय पुढे सरकतो. गीता आधी संपवून मग तिचा निष्कर्ष सांगितला, असे इथे झालेले नाही. श्लोक पुढे जातो तसा अर्थ उलगडत जातो, आणि ऐकणारे त्या उलगडण्यात सामील असतात. हा भक्तीचा प्रांत आहे आणि ग्रंथालयातल्या कादंबरीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. तरी मराठीतला वाचनाचा सर्वांत जुना आणि रुजलेला संस्कार चारचौघांत, चालू ग्रंथावर बोलण्याचा आहे, एवढे यातून नक्की निघते. सप्ताहातले पारायण आणि रात्रीचे कीर्तन यांनी तो गावोगाव टिकवला.

त्याच नेवासे तालुक्यातले तरवडी हे खेडे. सत्यशोधक विचारांच्या मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलेले 'दीनमित्र' हे वृत्तपत्र तरवडीहून निघत असे, आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही. शहरात छापखाना, टपाल, वर्गणीदार सगळे हाताशी असताना पत्रे बंद पडत होती, त्या काळात खेड्यातून शेतकऱ्यांसाठी पत्र चालवणे हे प्रचंड काम होते. त्या सुरुवातीच्या वर्षांत शंभरात दहा जणांनाही अक्षरओळख नव्हती. अशा समाजात छापील अंक एकट्याने वाचून बाजूला ठेवायची वस्तू होऊच शकत नाही. ज्याला येते त्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे, हीच वाचनाची रीत होती. शहरी मध्यमवर्गातही वेगळ्या कारणाने असेच घडले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. पुढचा अंक येईपर्यंत सगळेच वाचक एकाच ठिकाणी थांबलेले. कादंबरीतल्या यमूचे पुढे काय होणार, हे त्या घडीला कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच त्यावर बोलायला सगळे बरोबरीचे.

शिक्षण पसरले, पुस्तके स्वस्त झाली, प्रत्येकाला आपली प्रत मिळाली. हे सगळे चांगलेच झाले. पण त्याबरोबर अर्ध्यावर थांबून बोलण्याची सक्ती गेली, आणि ती जागा आपण दुसऱ्या कशाने भरली नाही. आता वाचक पुस्तक घेतो, संपवतो, आवडले तर नाव पुढे सांगतो. मधला सगळा प्रवास, जिथे खरे प्रश्न पडतात, तो त्याच्यापाशीच राहतो. कित्येक पुस्तके तर साठ-सत्तर पानांवर सुटतात. तिथे कोणी 'पुढे जा, त्या प्रकरणानंतर उलगडेल' असे म्हणाले असते तर ती सुटली नसती.

'काय वाचतोय' हे सांगणे म्हणजे दिखावा, असा आक्षेप हमखास घेतला जातो. दिखावा होतो, हे मान्य. वर्षाला किती पुस्तके संपवली याचे आकडे मिरवणारे आहेत, आणि न वाचलेल्या जाडजूड ग्रंथासोबत छायाचित्र काढणारेही आहेत. पण मिरवायला संपलेले, निदान संपले असे भासवता येणारे पुस्तक लागते. अर्ध्यावरच्या पुस्तकाविषयी बोलणाऱ्याला 'इथवर आलो आहे आणि हे मला कळलेले नाही' असे म्हणावे लागते, आणि त्यात मिरवण्यासारखे फार नसते. अपुऱ्या वाचनावर मत देणे उथळपणाचे, असाही एक युक्तिवाद असतो. निवाडा द्यायचा असेल तर तो बरोबर आहे. इथे निवाडा अपेक्षितच नाही. विसाव्या पानावरचा राग दोनशेव्या पानावर निवळतो, आणि ते चार लोकांना दिसले तर वाचताना मत कसे बदलते हे नव्या वाचकाला प्रत्यक्ष कळते. रहस्यकथेचा शेवट फोडू नये, एवढे पथ्य पुरे.

खरा धोका निराळाच आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. सगळे एकमेकांना सांगू लागले की सगळे तेच वाचू लागतात. मराठीत दहा-वीस पुस्तकांभोवतीच वाचक फिरत राहतात; 'मृत्युंजय'पासून सुरू होऊन त्याच वर्तुळात परत येणारे गट कमी नाहीत. सारख्या वयाच्या, सारख्या शिक्षणाच्या, सारख्या जातीवर्गाच्या माणसांनी जमून वाचन सांगितले तर वर्तुळ आणखी आवळते. किल्ल्यातल्या बारा जणांत तसे झाले नाही, कारण त्यांच्या भाषा, श्रद्धा आणि अभ्यास वेगळे होते. ते वेगळेपण मुद्दाम जमवावे लागेल. उदाहरणार्थ, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. पवार याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्या पुस्तकातले गाव, तिथली माणसे आणि महारवाडा यांविषयी अकोल्यातला वाचक, विशेषतः त्या वस्तीतून आलेला वाचक, जे बोलू शकेल ते पुण्या-मुंबईच्या समीक्षेत येणे अवघड. त्याने पुस्तक संपवून लेख लिहावा, ही अपेक्षा बहुतेकदा फोल ठरते. पण 'सध्या कुठे आलात?' असे विचारले तर तो बोलेल.

हे विचारण्याची जागा तयार आहे. अहमदनगर जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ ची. राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे पसरले. अशा कोणत्याही वाचनालयात गेले तर देवघेवीच्या टेबलावर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो. जाणते सभासद कपाटांकडे जाण्याआधी तो चाळतात, कारण दुसऱ्याने काय वाचले हे तिथे कळते. मागच्या पानाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के पाहून पुस्तक किती फिरले आहे याचा अंदाज घेतात. पण तो ढीग सांगतो ते वाचून झालेले. त्याच टेबलावर एक वही ठेवावी. पुस्तक बदलायला किंवा मुदत वाढवायला आलेल्या सभासदाने तीत पुस्तकाचे नाव, आपण आलो ते पान आणि तिथे अडलेली किंवा आवडलेली एक गोष्ट लिहावी; दुसऱ्याने वाटल्यास खाली उत्तर द्यावे. महिन्यातून एका रविवारी ती वही समोर ठेवून तासभर बसावे, आणि पुस्तक संपवलेल्यांनी त्या बैठकीत शेवटी बोलावे. याला अनुदान लागत नाही, पाहुणा वक्ता लागत नाही. लागतो तो एक ग्रंथपाल, जो पुस्तकावर शिक्का मारता मारता समोरच्याला 'कुठवर आलं?' असे विचारील.