आजोबा हिरवे का दिसले?

मुलांनो, आमच्या वर्गातल्या एकीनं आजोबांचा एकुलता एक कृष्णधवल फोटो प्रिंटरवर छापून आणला. ट्यूबलाइटखाली छान, अंगणात नेला, तर चेहरा हिरवट! आजी खट्टू झाल्या.

गंमत अशी, की साध्या इंकजेटमध्ये चारच शाया असतात : निळी, किरमिजी, पिवळी, काळी. राखाडी नाहीच! मग रंग मिसळून राखाडी भासवायची. उजेड बदलला, की लबाडी उघडी! बरं, नुसती काळी वापरली, तर गालावर ठिपके. भिंगातून बघाच!

एप्सननं २००५ साली आर-२४०० प्रिंटरात काळीच्या जोडीला दोन राखाडी शाया दिल्या. त्यानं सुरकुत्यासुद्धा मऊ उतरतात. पण खर्च फार हो! एका फोटोसाठी असा प्रिंटर असलेला स्टुडिओच गाठावा.

तिनं तेच केलं. आजी म्हणाल्या, ‘‘आता दिसतात खरे ‘हे’!’’