एका पैशाचा अपूर्णांक

कोलकात्याच्या एस्प्लनेडला तिथले लोक अजूनही धरमतला म्हणतात. ट्रामचं हे जुनं मोठं ठाणं. जुलै १९५३ मध्ये दुसऱ्या वर्गाचं ट्रामभाडं एका पैशानं वाढलं आणि शहर रस्त्यावर उतरलं. शेवटी वाढ मागे घ्यावी लागली.

एका पैशासाठी एवढं? तेव्हा रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. म्हणजे पैसा हा रुपयाचा १/६४. (४ पेक्षा ६४ मोठा, म्हणून १/६४ हा १/४ पेक्षा मोठा, असं सहावीतली मुलं हमखास सांगतात. भाकरीचे ६४ तुकडे केले तर वाट्याला काय येईल, एवढंच विचारावं.) आता महिन्याचे कामाचे २६ दिवस धरा. जाऊन-येऊन ५२ पैसे, म्हणजे ५२/६४. अंश आणि छेद दोन्हींना ४ ने भागा: १३/१६. तेरा आणे! पाऊण रुपयाहून एक आणा जास्तच.

आपल्याकडे पावकी-निमकी पाठ असणाऱ्यांना हा हिशेब तोंडी यायचा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि तेच तेरा आणे ८१.२५ पैसे झाले. दशांश सोपा खरा, पण तीन भावंडांत रुपया वाटून पाहा. आण्याचे १२ पै, म्हणजे रुपयाचे १९२. प्रत्येकाला ६४ पै, अर्थात पाच आणे चार पै, अगदी चोख. शंभर पैशांत मात्र एक पैसा उरतोच.