पोलिसात जायचे तर बारावी हवीच

दुकानात किंवा कारखान्यात मदतीला हात हवा म्हणून आपल्याकडे बरीच मुले दहावीनंतर शाळा सोडतात. पुढे त्यांतलाच एखादा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो, पण अर्ज भरतानाच अडतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी किमान बारावी उत्तीर्ण असावे लागते.

शिपायासाठी खुल्या गटाची वयोमर्यादा १८ ते २८, तर मागासवर्गीयांसाठी ३३ पर्यंत आहे. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता व सामान्यज्ञानाबरोबर मराठी व्याकरणही असते. उर्दू माध्यमातील मुलांनी त्याची तयारी आधीपासून करावी. थेट फौजदार व्हायचे असेल तर कोणत्याही शाखेची पदवी आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा लागते.

धंदा सांभाळूनही शिकता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येते. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते.

मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात. मात्र जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. जुन्या कागदावर नुसते 'मुसलमान' लिहिलेले असले की काम अडते. तेव्हा पालकांनी आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले व महसुली नोंदी आताच शोधून ठेवाव्यात. भरतीची जाहिरात आल्यावर धावाधाव करून दाखला वेळेत हाती पडत नाही.